पुण्यात हॉटेल काढताना: भाड्याची इमारत, स्वतःची जागा की पाच खोल्यांचं घर?

बाणेर, वाकड, खराडी, विमाननगर या पट्ट्यातून हा प्रश्न सारखा येतो. कुणाच्या हातात जमिनीचे पैसे आलेले असतात, कुणाची रस्त्यालगतची चार मजली इमारत रिकामी असते, कुणाला नोकरी सोडून स्वतःचं काही उभं करायचं असतं, आणि सगळ्यांचा विचार हॉटेलपाशी येऊन थांबतो. गिऱ्हाईक आहेच. आठवड्याचे दिवस कंपन्यांच्या लोकांचे, शनिवार-रविवार लग्नांचे. भाद्रपदात दगडूशेठ आणि मानाचे गणपती बघायला कुटुंबं येतात. अष्टविनायकांतली मोरगाव, थेऊर, रांजणगाव, ओझर आणि लेण्याद्री ही पाच ठिकाणं तर पुणे जिल्ह्यातच आहेत.

हॉटेलांच्या हिशेबात माझी बरीच वर्षं गेली. खोल्या भरलेल्या असूनही वर्षअखेरीला हातात काही न उरलेली हॉटेलं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्या मालकांना ग्राहकाच्या बिलावरचा जीएसटी किती ते तोंडपाठ असतं, पण तो कर पाहुणा देतो. नफा खातो तो दुसरा कर, म्हणजे जो आपण भरतो आणि पुढे कुणाकडून वसूल करता येत नाही. भाड्याची इमारत घ्यायची की स्वतःची वापरायची, खोलीचा दर कुठे ठेवायचा, परमिट रूम काढायची की नाही, हे सगळं त्या दुसऱ्या कराकडे बघून ठरवावं असं माझं स्पष्ट मत आहे.

५ टक्क्यांची स्वस्ताई कुणाला पडते?

आधी दरांचा इतिहास थोडक्यात. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा महागड्या खोल्यांवर २८ टक्के कर होता. ऑक्टोबर २०१९ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर १२ आणि त्यापुढे १८ टक्के झाला. १,००० रुपयांपर्यंतच्या खोलीला सूट होती, ती १८ जुलै २०२२ ला गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० पर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे, पण इनपुट टॅक्स क्रेडिटशिवाय, म्हणजे हॉटेलने आपल्या खर्चांवर भरलेला जीएसटी पाहुण्याकडून घेतलेल्या करातून वजा करता येत नाही. वरच्या खोल्यांना १८ टक्के आणि क्रेडिट कायम आहे. ‘मी १८ टक्के भरतो, मला क्रेडिट द्या’ असा पर्याय खालच्या गटाला नाही.

१२ चे ५ झाले म्हणून पेढे वाटण्याआधी हा हिशेब बघा. धरू की २४ खोल्या आहेत, सरासरी दर ३,००० आणि ऑक्युपन्सी, म्हणजे खोल्या भरण्याचं प्रमाण, ६० टक्के. महिन्याला ४३२ खोल्या विकल्या जातात, म्हणजे १२,९६,००० रुपयांची विक्री. यातली निम्मी बुकिंग ओटीएवरून, म्हणजे ऑनलाइन बुकिंगच्या साइटवरून, २० टक्के कमिशनने. लॉन्ड्री, सुरक्षारक्षक, कंत्राटी माणसं आणि देखभाल यांची मिळून लाखभर रुपयांची बिलं. भाड्याची इमारत असेल तर भाडं चार लाख. या सगळ्या खर्चांवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि त्यातला एक रुपयाही आता परत मिळत नाही.

| दरमहा अडकलेला जीएसटी | भाड्याची इमारत | स्वतःची इमारत |
|---|---|---|
| इमारतीच्या भाड्यावर | ७२,००० | ० |
| ओटीए कमिशनवर | २३,३२८ | २३,३२८ |
| लॉन्ड्री, सुरक्षा, माणसं, देखभाल | १८,००० | १८,००० |
| एकूण | १,१३,३२८ | ४१,३२८ |
| विक्रीच्या तुलनेत | ८.७ टक्के | ३.२ टक्के |

आता जुन्या पद्धतीशी तुलना करू. पूर्वी ३,००० च्या खोलीला पाहुणा १२ टक्क्यांसह ३,३६० द्यायचा. आजही त्याच्या खिशातून ३,३६० च घेतले, तर ५ टक्के वजा जाता हॉटेलला ३,२०० मिळतात. खोलीमागे २०० जास्त, म्हणजे महिन्याला ८६,४००. वाढलेल्या दरावरचं कमिशन आणि अडकलेला कर काढला तर स्वतःच्या इमारतीतलं हॉटेल पूर्वीपेक्षा साधारण ३५,००० रुपयांनी पुढे जातं. भाड्याच्या इमारतीतलं हॉटेल साधारण ३७,००० रुपयांनी मागे पडतं. एकाच करकपातीत शेजारशेजारची दोन हॉटेलं उलट दिशांना गेली! आणि दर कमी करून पाहुण्याला फायदा द्यायचा म्हटलं, तर भाड्याच्या हॉटेलची तूट आणखी वाढते.

इमारतीच्या मालकाची जीएसटी नोंदणी नसली तरी यातून सुटका नाही. पुण्यात हे हमखास दिसतं: इमारत तीन भावांच्या नावावर, प्रत्येकाच्या वाट्याचं भाडं वर्षाला वीस लाखांच्या आत, म्हणून एकाचीही नोंदणी नाही. १० ऑक्टोबर २०२४ पासून अशा व्यापारी भाड्यावरचा १८ टक्के कर नोंदणीकृत भाडेकरूनेच रिव्हर्स चार्जने, म्हणजे मालकाऐवजी स्वतः थेट सरकारकडे, भरायचा आहे. करार करताना ‘भाडं चार लाख’ म्हणून हात मिळवलात, तर खरं भाडं चार लाख बहात्तर हजार आहे हे त्याच क्षणी मनात धरा.

अर्थात स्वतःची इमारत फुकट पडत नाही. तीच इमारत एखाद्या आयटी कंपनीला चार लाखांनी देता आली असती, आणि त्या कंपनीला भाड्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत असल्याने ती घासाघीस न करता घेते. ते सोडलेलं भाडं हॉटेलच्या खर्चात धरलंच पाहिजे. बरेच मालक धरत नाहीत आणि फुगलेल्या नफ्यावर खूश राहतात.

सुरुवातीच्या भांडवलाचंही तसंच आहे. बांधकामावरच्या जीएसटीचं क्रेडिट पूर्वीही मिळत नव्हतं. पण फर्निचर, एसी, टीव्ही, किचनची यंत्रं यांचं मिळायचं, ते आता खालच्या गटाला बंद झालं. एसी आणि मोठ्या टीव्हीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा. खोलीमागे तीन लाखांचं सामान धरलं तर २४ खोल्यांचे ७२ लाख, त्यावर १२,९६,००० कर. वरच्या उदाहरणातली पूर्ण महिन्याची विक्री. बँकेच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हा आकडा खर्चात घातलेला आहे का, हे स्वतः बघा.

७,५०० ची रेघ

ज्यांची इमारत कोरेगाव पार्क किंवा सेनापती बापट रस्त्यासारख्या जागी आहे, त्यांना वरच्या गटात जायचा मोह होतो. क्रेडिट मिळतं हे खरं आहे, पण रेघेच्या लगेच वरची जागा सगळ्यांत वाईट. ७,५०० च्या खोलीला पाहुणा ७,८७५ देतो. दर ८,००० केला की त्याचं बिल होतं ९,४४०. पाहुण्याच्या खिशातून १,५६५ जास्त गेले, तुमच्या हातात आले फक्त ५०० आणि उरलेले १,०६५ सरकारकडे. क्रेडिट जमेस धरूनही हा सौदा बहुतेकदा जमत नाही. एकतर ७,५०० च्या आत राहावं, नाहीतर थेट साडेनऊ-दहा हजारांचं हॉटेल उभं करावं. मधली जागा मी कुणालाच सुचवत नाही.

नाश्त्याकडेही लक्ष ठेवा. ७,२०० ची खोली आणि ६०० चा नाश्ता ‘सीपी’ (नाश्त्यासह खोली) म्हणून एकाच किमतीला विकलात की विक्री ७,८०० ची झाली आणि सगळ्या रकमेवर १८ टक्के लागले. ‘ईपी’वर (फक्त मुक्काम) खोली दिली आणि नाश्ता ज्याने घेतला त्याच्याच बिलात वेगळा लावला, तर दोन्ही ५ टक्क्यांत राहतात.

याहून महाग पडणारी चूक ३१ डिसेंबरला होते. १ एप्रिल २०२५ पासून नियम असा आहे: मागच्या आर्थिक वर्षात हॉटेलातली एक जरी खोली दिवसाला ७,५०० च्या वर विकली गेली असेल, तर पुढचं पूर्ण वर्ष ती जागा ‘स्पेसिफाइड प्रिमायसेस’ ठरते आणि तिथल्या रेस्टॉरंटला ५ ऐवजी १८ टक्के कर लागतो. क्रेडिट मिळतं, पण रस्त्यापलीकडचं साधं रेस्टॉरंट तीच थाळी ५ टक्क्यांत देत असताना आपलं गिऱ्हाईक किती टिकेल? ओटीएवर मागणीप्रमाणे दर आपोआप चढवणारी सोय चालू असते आणि नववर्षाच्या रात्री एकुलता एक सुइट ८,२०० ला जातो. त्या एका रात्रीपायी पुढचं सगळं वर्ष बिघडतं. ज्यांना खालच्या गटात राहायचं आहे त्यांनी चॅनल मॅनेजरमध्ये, म्हणजे सगळ्या बुकिंग साइटवर दर टाकणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ७,५०० ची कमाल मर्यादा पहिल्याच दिवशी बसवून घ्यावी.

लग्नाच्या हॉलवरही याचा थेट परिणाम होतो. जेवणासह दहा लाखांचं लग्न साध्या जागेत ५०,००० कराचं, स्पेसिफाइड प्रिमायसेसमध्ये १,८०,००० कराचं. मुलीचे वडील मंगल कार्यालयाचं कोटेशन सोबत घेऊनच आलेले असतात. १,३०,००० चा फरक त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

कंपन्यांच्या गिऱ्हाइकांबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे, की त्यांना कराचं काही वाटत नाही कारण क्रेडिट मिळतं. मुक्कामाचा कर जिथे हॉटेल आहे त्या राज्याचा धरला जातो. ज्या कंपनीची महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी आहे तिला क्रेडिट मिळतं. फक्त कर्नाटकात किंवा तेलंगणात नोंदणी असलेल्या कंपनीला पुण्यातल्या मुक्कामाचा पूर्ण कर खर्चातच टाकावा लागतो. तेव्हा हिंजवडीच्या ज्या कंपन्यांशी वार्षिक दर ठरवणार, त्यांचं बिल कुठल्या जीएसटी क्रमांकावर निघणार ते आधी विचारा. बाहेरच्या राज्यांतली गिऱ्हाइकं जास्त असतील तर ५ टक्क्यांचं हॉटेल त्यांना मनापासून आवडेल.

परमिट रूम

दारू जीएसटीत नाही, त्यामुळे इथल्या कुठल्याच कराचं क्रेडिट नाही. परमिट रूममधल्या विक्रीवरचा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ चा १० टक्के झाला. २०२५ मध्ये उत्पादन शुल्क चढलं, परवाना शुल्कही १५ टक्क्यांनी वाढलं, आणि १४ जुलै २०२५ ला राज्यभरच्या बारमालकांनी बंद पाळला. त्यांची तक्रार मला रास्त वाटते. एका पाठोपाठच्या या वाढींचा भार शेवटी लहान बारवर येतो, कारण मोठ्यांना दर वाढवता येतात आणि लहानांचं गिऱ्हाईक वाइन शॉपकडे वळतं.

नवं हॉटेल काढणाऱ्याने परवाना शुल्काचा स्वभाव ओळखावा. ते शहराच्या लोकसंख्येप्रमाणे ठरतं, पुण्यासारख्या शहरात लाखांत जातं, वर्षाचं एकदम भरायचं असतं आणि विक्री झाली काय, न झाली काय, तेवढंच राहतं. गणेशोत्सवातल्या आणि निवडणुकीतल्या कोरड्या दिवसांची सवलत मिळत नाही. २४ खोल्यांच्या हॉटेलात बारला बाहेरचं, रोजचं गिऱ्हाईक मिळणार नसेल तर परमिट रूम काढू नये. पहिली दोन वर्षं फॅमिली रेस्टॉरंट चालवा; परवान्याचा विचार नंतरही करता येतो.

वीज आणि मालमत्ता कर

इथे फार वेळ घालवत नाही, पण एक काम चुकवू नका. महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आणि तो १ एप्रिल २०२१ पासून लागू केला. वीज, पाणी, मालमत्ता कर औद्योगिक दराने, असं त्यात म्हटलं आहे. हा लाभ आपोआप मिळत नाही, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. विजेवरचं शुल्क व्यापारी ग्राहकाला २१ टक्के आणि उद्योगाला ७.५ टक्के आहे. दोन लाखांच्या वीज आकारावर महिन्याला २७,००० चा फरक पडतो. मालमत्ता कराच्या बाबतीत मात्र ठरावावर विसंबू नका. त्या जागेचं ताजं बिल कोणत्या दराने आलं आहे ते डोळ्यांनी बघा आणि मगच आकडे मांडा.

जागा कुणाच्या हद्दीत आहे याचंही तसंच. बाणेर पुणे महापालिकेत, वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये, हिंजवडी ग्रामपंचायतीत. ग्रामपंचायतीचा कर कमी म्हणून हुरळून जाऊ नये. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली, तेव्हा तिथल्या लोकांना नव्या कर आकारणीची झळ बसलीच. दहा वर्षांच्या भाडेकरारात वाढीव मालमत्ता कर मालक भरणार की भाडेकरू, हे वाक्य लिहून घ्या. पाण्याच्या टँकरचा खर्च सगळीकडे वेगळा धरा.

पाच खोल्यांचं घर

मुळशी, पानशेत, पवना, भोर या भागात ज्यांचं स्वतःचं घर किंवा शेत आहे, त्यांच्यासाठी कराच्या बाजूने हा पर्याय सर्वांत हलका आहे, आणि मला तो मनापासून आवडतो. पाच खोल्या, २,५०० दर आणि वर्षातले ४० टक्के दिवस भरले तर विक्री १८,२५,००० होते. सेवांसाठीची जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे, तिच्या आतच. फोनवर बुकिंग करून थेट आलेल्या पाहुण्याला जीएसटी लावायचा नाही, विवरणपत्रं भरायची नाहीत. मात्र त्याच पॅनवर तुमचं दुकान असेल किंवा गाळ्याचं भाडं येत असेल, तर त्यांची रक्कमही या २० लाखांत मोजली जाते. पुण्यातल्या अनेकांची मर्यादा इथेच ओलांडली जाते.

बुकिंग ॲपवरून आली तर नोंदणी नसलेल्या घरमालकाच्या वतीने जीएसटी ते ॲपच भरतं, म्हणजे पाहुण्याला ५ टक्के द्यावेच लागतात आणि तुमच्याकडून कमिशन व त्यावरचे १८ टक्के जातात. म्हणून या धंद्यात पुन्हा येणारा, थेट फोन करणारा पाहुणा सोन्यासारखा. पर्यटन खात्याच्या ‘निवास न्याहारी’ योजनेत किंवा २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी जरूर करा. घराला हॉटेलसारखे व्यापारी दर लावले जाऊ नयेत, यासाठी ते प्रमाणपत्र उपयोगी पडतं.

जमीन मुळात नसेल आणि या कामासाठी नव्याने घ्यायची असेल, तर मात्र थांबा. शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, पुढे बिनशेती, मुद्रांक शुल्क, रस्त्याचा हक्क आणि विजेची जोडणी. पाच खोल्यांच्या उत्पन्नात तो खर्च कित्येक वर्षं फिटत नाही. शहरातला बंगला वापरणार असाल तर आणखी एक गोष्ट: महापालिकेची मालमत्ता करातली ४० टक्के सवलत मालक स्वतः राहत असलेल्या घराला आहे. खोल्या पाहुण्यांना द्यायला लागल्यावरही पीटी-३ अर्जातलं स्वतः राहत असल्याचं म्हणणं तसंच ठेवलंत, तर फरकाची रक्कम मागून येऊ शकते. ती आधीच बजेटमध्ये धरा आणि आकारणी नव्याने करून घ्या.