हुलॉक गिबन आणि आपलं वानर
इंदूरच्या आसपास रानात काळ्या तोंडाचं दिसतं ते वानर. हुलॉक गिबन हा झाडांवर राहणारा, माकडासारखा प्राणी बघायचा तर ईशान्येकडे, आसामात जोरहाटजवळच्या होलोंगापार अभयारण्यात जावं लागेल. आधी शेपूट बघा: वानराची अंगापेक्षा लांब, हुलॉकला मुळीच नाही. रंगावर विसंबू नका. हुलॉकचा नर काळा, पण मादी भुरकट-तांबूस.

वानर पायांच्या जोरावर उडी मारतं, जमिनीवरही आरामात चालतं. हुलॉक हातांनी झोके घेत जातो. चार बोटं आकड्यासारखी फांदीला अडकतात, अंगठा बाजूला राहतो, मनगट चहूकडे फिरतं. म्हणूनच वरच्या फांद्यांची सलगता तुटली की तो अडकतो. होलोंगापारमधून गेलेल्या रेल्वेमार्गाने त्याचं जंगल दुभंगलं, हे फार वाईट झालं. वानर असे रूळ सहज ओलांडेल.