बागेत फिरणाऱ्यांसाठी ८×४२ दुर्बीण: दहापटीच्या नादी लागू नका

दुर्बीण घ्यायला गेलं की दुकानदार हमखास दहापटीची पुढे करतो. "हीच घ्या ताई, जास्त जवळ दिसेल." मी ८×४२ वर अडून बसले ते बरंच झालं. शहरातल्या बागा, तलावाचा काठ आणि फार तर सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरची टेकडी, एवढंच पक्षी बघत फिरणं असेल तर हीच घ्या. यातला ८ म्हणजे किती पट मोठं दिसतं ते, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये.

बागेतले पक्षी तसे लांब नसतातच. ते पानांत दडलेले असतात आणि एका जागी ठरत नाहीत, खरी पंचाईत ती. पट वाढली की हाताची थरथरही तेवढीच वाढते, वर दिसण्याचा घेर आक्रसतो. एका ओळखीच्यांची दहापटीची लावून पाहिली तर पानाची शीर न् शीर दिसली, पण पोपट कुठल्या फांदीवर आहे ते सापडेपर्यंत स्वारी पसार!

उजेडाचंही गणित आहे. ४२ ला ८ ने भागा, ५.२५ मिलिमीटर येतात. डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाशझोत एवढा रुंद. १०×४२ मध्ये तो ४.२ वर येतो. भर दुपारी आपलीच बाहुली बारीक झालेली असते, त्यामुळे काही फरक कळत नाही. भल्या सकाळी गर्द झाडाखाली मात्र कळतो.

मला सगळ्यात आवडलं ते जवळचं दिसणं. माझी दुर्बीण २ मीटरवरही फोकस होते. आठपटीने २ मीटर म्हणजे जणू २५ सेंटीमीटरवरून बघणं. तळ्याकाठच्या काडीवर बसलेल्या चतुराच्या पंखांची जाळी आणि टोकाजवळचा तो छोटा गडद ठिपका इतका स्वच्छ दिसतो की पक्षी बाजूलाच राहतात. खरेदी करताना हा आकडा कुणी विचारत नाही, तुम्ही विचारा.

चष्मेवाल्यांनी 'आय रिलीफ' बघायचाच, म्हणजे डोळा भिंगापासून किती अंतरावर ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं तो आकडा. माझ्या दुर्बिणीचा १७ मिलिमीटर आहे, त्यामुळे डोळ्यांवरच्या रबरी वाट्या खाली फिरवल्या की चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो. आणि वापरण्याआधी दोन्ही डोळ्यांचा मेळ बसवून घ्या: उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करायचं, मग डावं झाकून उजवीकडच्या कड्याने. हे न करता "डोकं दुखतं" म्हणून दुर्बीण कपाटात टाकणारे पुष्कळ.

आता तक्रारी. सोबत आलेला पट्टा अरुंद, आणि दुर्बीण पाऊण किलोच्या आसपास. तासाभरात मान धरते. शेवटी खांद्यांवरून जाणारा वेगळा पट्टा घेतला. पुढच्या भिंगांची झाकणं ढिली, झुडपात अडकून पडतात. ते उजवीकडचं कडंही पिशवीत आपोआप फिरतं. आत नायट्रोजन भरलेला असल्यामुळे आतून वाफ धरत नाही हे खरं, पण बाहेरच्या काचेवर धरायची ती धरतेच. धूळ आधी फुंकणीने उडवा. थेट फडकं फिरवलंत तर ओरखडे पडतील.

मोठ्या जलाशयातली लांबची बदकं ओळखायची असतील तर मात्र ही पुरत नाही, तिथे तिपाईवरची स्पॉटिंग स्कोपच हवी, म्हणजे एका डोळ्याने बघायची जास्त पटीची दुर्बीण. पाचपैकी चार गुण. एक कापला तो त्या पट्ट्याचा.