भांगेला कौतुक, गांजाला शिव्या
झाड एकच, पण महाशिवरात्रीला पाट्यावर वाटून थंडाईत घातलेली भांग काका हौसेने घेतात आणि तेच काका शेजारच्या पोराच्या हातात चिलीम दिसली की त्याला गंजेडी म्हणून मोकळे होतात. कायद्यातही फरक आहेच, १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, नुसती पानं त्यात धरत नाहीत म्हणून भांग सुटली (राज्यांचे नियम वेगळे), गांजाला मात्र १ किलोच्या आत असला तरी वर्षभरापर्यंत कैद. हल्ली शहरातल्या पार्टीत ओढला तर तो कूल, रिक्षावाल्याने ओढला तर वाया गेलेला, हे मला फार खटकतं. आणि भांग निरुपद्रवी वगैरे मुळीच नाही, पोटातून उशिरा चढते, त्यामुळे लोक अजून एक ग्लास घेतात आणि मग तासन्‌तास घाबरून बसतात.