बॉस्कोव्हस्कीचा १९७९ चा न्यू इयर कॉन्सर्ट, जुनी डबल एलपी: घ्यावी का?

आधी दुकानाचं सांगून टाकतो म्हणजे डोक्यातून जाईल. जुन्या रेकॉर्ड ऑनलाइन विकणारा एक जण आहे, नाव नाही घेत, त्याने फोनवर छातीठोकपणे सांगितलं की साहेब कंडिशन एकदम नव्यासारखी, फक्त कव्हर जरा पिवळं पडलंय. २२०० रुपये वर कुरिअर. आलं ते उघडलं तर कव्हर झकास आणि तिसऱ्या साइडवर हा एवढा ओरखडा! ३३ च्या स्पीडला सुई दर पावणेदोन सेकंदांनी टक् करते आणि तो टक् वॉल्ट्झच्या, म्हणजे तीन मात्रांच्या नाचाच्या, तालात चुकूनही बसत नाही, बसला असता तरी चाललं असतं एक वेळ. परत फोन केला तर म्हणे जुना माल आहे, एवढं चालतंच. एक स्टार तिथेच कापला.

आता रेकॉर्डबद्दल. व्हिएन्ना फिलहार्मोनिक हा ऑर्केस्ट्रा दर १ जानेवारीला तिथल्या मुझिकफेराइन या इमारतीच्या सोनेरी हॉलमध्ये श्ट्राउस या संगीतकार घराण्याचे वॉल्ट्झ, पोल्का असे नाच वाजवतो, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. १९५५ ते १९७९ अशी सलग पंचवीस वर्षं तो कॉन्सर्ट विली बॉस्कोव्हस्कीने केला आणि ही एलपी म्हणजे त्याची शेवटची खेप. पुढच्या वर्षापासून लोरिन माझेल आला, योगायोग बघा, तोही बॉस्कोव्हस्कीसारखा व्हायोलिनवालाच.

पण बॉस्कोव्हस्कीची गोष्ट वेगळी कारण हा माणूस बाहेरून आणलेला कंडक्टर, म्हणजे समोर उभा राहून ऑर्केस्ट्राला इशारे देणारा, नव्हताच. १९३३ साली तो ऑर्केस्ट्रात व्हायोलिनला लागला, १९३९ पासून कॉन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या खुर्चीवरचा व्हायोलिनवाला. न्यू इयरचे कॉन्सर्ट सुरू करणारा क्लेमेन्स क्राउस १९५४ मध्ये मेक्सिकोत दौऱ्यावर असताना गेला आणि आता जानेवारीत उभं कोण राहणार असा प्रश्न आला. या ऑर्केस्ट्राला १९३३ पासून कायमचा चीफ कंडक्टर नाहीच, सगळं स्वतःच ठरवतात. त्यांनी आपल्यातल्याच माणसाला उभं केलं. आणि तो उभा राहिला तो दांडी घेऊन नाही तर डाव्या हातात व्हायोलिन, उजव्यात बो (व्हायोलिनची कमान), जसा योहान श्ट्राउस स्वतः उभा राहायचा अगदी तसा.

यूट्यूबवर जुने व्हिडिओ आहेत, जरूर बघा. बोच्या टोकाने इशारा देतो, मध्येच व्हायोलिन हनुवटीखाली घेतो, चार ओळी सगळ्यांबरोबर वाजवतो आणि परत खाली. आपल्याकडे ढोल-ताशा पथकात ताशेवाला असतो ना, वाजवतोही तोच आणि ढोलवाल्यांना कधी उठायचं कधी थांबायचं हे मान हलवून सांगतोही तोच, तसलाच प्रकार वाटतो मला. ताशा थांबवून नुसता हात करत बसला तर पथक ढिलं पडेल की नाही?

ऐकायची गोष्ट आहे ती दुसरी मात्रा. वॉल्ट्झ म्हणजे एक-दोन-तीन, शाळकरी पोराला पण माहीत. पण व्हिएन्नाचे लोक ती दोन नंबरची मात्रा किंचित आधी टाकतात, अगदी केसभर, आणि तीन मात्र आपल्या जागेवर. त्यामुळे दोन आणि तीनच्या मध्ये जरा हवा राहते, नाचणाऱ्याचा पाय तिथेच तर वळतो. किती आधी हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. सेकंड व्हायोलिन आणि व्हायोला (व्हायोलिनचाच जरा मोठा, खालच्या सुराचा भाऊ) नुसतं हे दोन-तीन दोन-तीन वाजवत बसतात, आमच्या घरी तर सगळे ट्यूनच्या मागे असतात, पण एकदा फक्त त्यांच्याकडे कान लावून ऐका. श्ट्राउसच्या प्रसिद्ध ‘ब्ल्यू डॅन्यूब’मध्ये वॉल्ट्झ सुरू होतो तिथे पहिल्या दोन ओळी जवळजवळ अडखळत येतात आणि मग हळूच वेग पकडतात, लोकल स्टेशनातून सुटते तशा. बाहेरचे मोठमोठे कंडक्टर हीच जागा घासूनपुसून करतात आणि ती केलेली दिसते, इथे होऊन जाते.

हा माणूस नुसता वॉल्ट्झवाला नव्हता हेही सांगायला पाहिजे. पियानोवाली लिली क्राउसबरोबर मोझार्टच्या व्हायोलिन सोनाटा, डेक्का या रेकॉर्ड कंपनीसाठी मोझार्टची सगळी नृत्यं आणि मार्च, भाऊ आल्फ्रेड क्लॅरिनेटवर घेऊन व्हिएन्ना ऑक्टेट हा आठ जणांचा ग्रुप. पण लोकांना आठवतो तो जानेवारीचाच, त्याला काय करणार.

साउंडचं म्हणाल तर डेक्काने बाजारात आणलेलं हे पहिलं डिजिटल रेकॉर्डिंग, सीडी यायच्या तीनेक वर्षं आधीचं, म्हणून डिजिटल असूनही एलपीवर. खर्जातले सूर साफ, ट्रँगल तर कानाशी वाजतोय असं वाटतं. पण मोठा आवाज आला की व्हायोलिनं थोडी काचेसारखी लागतात, ट्रेबल जरा कमी करून ऐका. आणि हो, त्यातलं बॉस्कोव्हस्कीचं स्वतःचं व्हायोलिन कुठलं हे नुसतं ऐकून ओळखू येत नाही, मी दोन रविवार घालवले.

जाता जाता, आपल्या मुंबईतही असा माणूस होऊन गेलाय, मेहली मेहता, व्हायोलिनवाला, १९३५ साली बॉम्बे सिम्फनी उभी केली. त्यांचा मुलगा झुबिन, पुढे नावाजलेला कंडक्टर, १९५४ ला व्हिएन्नाला शिकायला गेला, म्हणजे बॉस्कोव्हस्की पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा हा तिथेच विद्यार्थी होता! पुढे त्याने स्वतः हा कॉन्सर्ट पाच वेळा केला. कुणाला कंपेअर करायचं असेल तर झुबिनचा १९९० चा ऐका, जास्त चकचकीत आहे, मला मात्र हाच.

घ्यावी का? टर्नटेबल असेल तर घ्या, पण विकणाऱ्याकडून चारही साइडचे उजेडात काढलेले फोटो मागवा, तोंडी भरवशावर राहू नका. नसेल तर सीडी किंवा स्ट्रीमिंग, तेच रेकॉर्डिंग आहे. पाचात चार. आणि कुणाकडे दोन नंबरची तबकडी एक्स्ट्रा पडली असेल तर मेसेज करा, मी पुण्यात कुठेही येऊन घेऊन जाईन.