भोसरीत वाचलेलं ‘द इनोव्हेटर्स डिलेमा’

आमच्या एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी. मागच्या वर्षी अशाच एका गुरुवारी मुलीची बारावीची पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात गेले होते. तिथे जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात क्लेटन ख्रिस्टेन्सन यांचं ‘द इनोव्हेटर्स डिलेमा’ १८० रुपयांना मिळालं. आधीच्या मालकानं पहिल्या ४० पानांवर पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, पुढची पानं कोरी. कारण वाचताना कळलं. सुरुवात कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कनं होते: आधी १४ इंची, मग ८, मग सव्वापाच, मग साडेतीन, आणि आलेखामागून आलेख. तिथेच बरेच जण पुस्तक मिटत असणार. तुम्ही मिटू नका, सरळ तिसरं प्रकरण काढा.

ते खोदाईच्या यंत्रांवर आहे. आपल्याकडे खोदणारं कुठलंही पिवळं यंत्र जेसीबीच, शिवाय कारखाना इथेच तळेगावला. पण ही जात बाजारात शिरली कशी, ते मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतरही मोठी खोदाई वायररोपवर, म्हणजे पोलादी दोरावर चालणाऱ्या अजस्र यंत्रांनी व्हायची. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रं आली तेव्हा त्यांची बादली जेमतेम पाव घनयार्डाची आणि हात तोकडा. खाणवाल्यांना त्यांचा काही उपयोग नव्हता. ती घेतली घरांच्या ड्रेनेजच्या आणि नळाच्या चरी खणणाऱ्या छोट्या कंत्राटदारांनी. तोवर हे काम मजूर हातानं करत. बसायरस-इरी या जुन्या बड्या कंपनीला हायड्रॉलिक्स दिसलं नव्हतं असंही नाही. १९५१ मध्ये तिनं ‘हायड्रोहो’ नावाचं यंत्र काढलं. पण नेहमीच्या गिऱ्हाइकांना मोठी बादली हवी, म्हणून त्यात थोडं हायड्रॉलिक आणि थोडा वायररोप असा मेळ घातला. ते फारसं चाललं नाही. वायररोपची यंत्रं करणाऱ्या सुमारे ३० कंपन्या होत्या. त्यातल्या १९७० च्या दशकापर्यंत हायड्रॉलिकमध्ये पाय रोवू शकल्या फक्त ४.

हे वाचलं आणि पुस्तक मांडीवर ठेवून मी बराच वेळ तशीच बसले.

माझं शीटमेटलचं वर्कशॉप आहे. १४ माणसं, दोन प्रेस ब्रेक (पत्रा वाकवणारी यंत्रं), लेझर कटिंग बाहेरून. कंट्रोल पॅनेलचे डबे हे मुख्य काम. एक मोठं गिऱ्हाईक ४००-४०० नगांच्या पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) द्यायचं आणि त्यांच्यासाठी मी सगळं केलं: दरवर्षी रेट उतरवला, रात्रपाळ्या लावल्या, त्यांच्या शब्दावर कर्ज काढून दुसरा ब्रेक घेतला. त्याच काळात नुकतीच इंजिनिअरिंग झालेली दोन मुलं इलेक्ट्रिक स्कूटरच्या चार्जरच्या डब्याचं ड्रॉइंग घेऊन आली होती. नग सहा. “सेटिंगलाच अर्धा दिवस जाईल रे, परवडणार नाही,” असं सांगून, चहा पाजून मी त्यांना परत पाठवलं. वर्षभरात मोठ्या गिऱ्हाइकानं निम्मं काम दुसऱ्या वेंडरकडे वळवलं. ती मुलं पुन्हा आली नाहीत.

हिशेबानं तेव्हा मी बरोबरच होते, आणि ख्रिस्टेन्सन यांचं म्हणणंही नेमकं हेच आहे. बुडालेल्या कंपन्या आळशी नव्हत्या. त्या चांगल्या गिऱ्हाइकाचं ऐकत होत्या आणि जिथे नफा जास्त तिथे पैसा लावत होत्या. १९९७ मध्ये हे इतक्या स्पष्ट शब्दांत लिहिणाऱ्या या हार्वर्डच्या प्राध्यापकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

चौथ्या प्रकरणातलं पोलाद तर जालन्याची सळई बघितलेल्या माणसाला लगेच कळेल. भंगार वितळवणाऱ्या अमेरिकेतल्या मिनीमिलनी सुरुवात केली ती सळईपासून. सळईत मार्जिन सगळ्यात कमी, म्हणून मोठ्या कारखान्यांनी तो माल खुशीनं सोडला. मग अँगल सोडला, मग बीम. मिनीमिल शेवटी पत्र्यापर्यंत येऊन पोचल्या. सातव्या प्रकरणातली होंडाची गोष्टही सुंदर आहे. १९५९ मध्ये ते अमेरिकेत मोठ्या मोटरसायकली विकायला गेले आणि त्या लांबच्या रस्त्यांवर तेल गळून बंद पडू लागल्या. खपली ती ५० सीसीची सुपर कब, जी त्यांचीच माणसं किरकोळ कामांना वापरत आणि टेकड्यांवर उडवत.

उपाय म्हणून ख्रिस्टेन्सन सांगतात की छोटी ऑर्डर अशा छोट्या गटाकडे द्या, ज्याला तिचा आनंद होईल. मी जुना प्रेस ब्रेक कोपऱ्यात लावला, एक ऑपरेटर आणि एक डिप्लोमाचा मुलगा दिला, हिशेबाची वही वेगळी केली. पाच नगसुद्धा घ्यायचे, पण सेटिंगचे पैसे वेगळे आणि निम्मा अ‍ॅडव्हान्स. पहिले चार महिने वहीत तोटाच होता. आज त्या कोपऱ्याची अकरा गिऱ्हाइकं आहेत. सहा नगांची ऑर्डर आली की तो मुलगा स्वतः फोन करून सांगतो.

त्या चार महिन्यांत पगार कुठून करायचा, याला मात्र पुस्तकात उत्तर नाही. वेगळी कंपनी काढायला पैसा हाताशी आहे, असं ते धरूनच चालतं. भोसरीत तो नसतो. माझी खरी तक्रार एवढीच.

पुस्तकातून काय करायचं ते कळलं तरी शेडमधल्या माणसांना बोलतं करावं लागतं. त्यासाठी एडवर्ड डी बोनो यांचं १९८५ चं ‘सिक्स थिंकिंग हॅट्स’ घ्या. पातळ आहे, दोन बैठकांत संपतं. एका वेळी सगळ्यांनी एकाच रंगाची टोपी घालायची: काळी असेल तर फक्त धोके, हिरवी असेल तर फक्त नव्या कल्पना. काळ्या टोपीच्या फेरीत आमच्या वेल्डरमामांनी पावसाळ्यात डब्यात पाणी कुठून शिरेल ते दाखवलं. एरवी मालकिणीसमोर ते बोलले नसते.

‘डिलेमा’च्या शेवटाकडचं विजेच्या गाडीचं प्रकरण आधी वाचू नका, तिसरं, चौथं, सहावं, सातवं झाल्यावर वाचा. ही गाडी कमी अंतर जाते, वेगही बेताचा, मग हेच ज्याला चालेल असा माणूस शोधा, असं ख्रिस्टेन्सन तेव्हा लिहून गेलेत. सुचवलेल्या गिऱ्हाइकांत शाळकरी मुलांचे आईवडील आहेत. हे मी वाचलं तेव्हा बाहेर चार्जरचेच डबे पावडर कोटिंगला निघाले होते, दुसऱ्या कुणाचे.

माझी प्रत सध्या सुपरवायझरकडे आहे. ते मूळचे जालन्याचे. चौथ्या प्रकरणाच्या समासात त्यांनी तिथल्या भट्ट्यांचा हिशेब मांडायला घेतलाय.