नळ स्टॉपची खोली की लॅपटॉपचा पडदा: समुपदेशन सुरू करण्यापूर्वी

वडील गेल्यानंतरच्या पावसाळ्यात माझी झोप उडाली. दोन महिने आपोआप बरे होण्याची वाट पाहून अखेर मी समुपदेशन घ्यायचे ठरवले, तेव्हा घरी बसून व्हिडिओ कॉलवर बोलावे की कोणाच्या तरी खोलीत जाऊन समोर बसावे, हा प्रश्न आधी सोडवावा लागला. मी दोन्ही करून पाहिले आहे: आधी साडेचार महिने एका ऑनलाइन सेवेमार्फत, आणि त्यानंतर आजपर्यंत पुण्यात नळ स्टॉपजवळ बसणाऱ्या एका समुपदेशक मॅडमकडे प्रत्यक्ष जाऊन. मी या क्षेत्रातला जाणकार नाही, त्यामुळे पुढचे सारे एका रुग्णाच्या अनुभवातून आलेले आहे आणि ते तेवढ्याच मर्यादेत वाचावे.

ऑनलाइन सेवेकडे मी वळलो त्याचे कारण पुण्यात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. घर खराडीला आणि ओळखीतून मिळालेली बहुतेक नावे एरंडवणे, प्रभात रस्ता, सदाशिव पेठ या भागातली. कामाच्या दिवशी संध्याकाळी तिथे वेळेवर पोहोचणे म्हणजे अर्धा दिवस खर्ची घालणे. घरून बोलायचे तर पन्नास मिनिटांच्या भेटीला पन्नासच मिनिटे लागतात, आणि ज्या आठवड्यात अंथरुणातून उठणेही जड जात होते त्या आठवड्यातही माझी भेट चुकली नाही, हे मी आजही कृतज्ञतेने मान्य करतो. फीमध्ये मला दोन्हीकडे सांगण्यासारखा फरक आढळला नाही.

भाषेची सोय मात्र मला अधिक मोलाची वाटते. सुरुवातीला ज्यांच्याशी बोललो त्या बाई हिंदी आणि इंग्रजीत बोलत. त्या अनुभवी होत्या, पण ‘जीव घुसमटतो’ हे मला त्यांना नीट सांगता येईना. पुढच्याच आठवड्यात मी नागपूरच्या मराठी समुपदेशक निवडल्या आणि बोलणे एकदम सुरळीत झाले. पुण्यात मराठी समुपदेशक मिळणे अवघड नाही, पण नोकरीसाठी बंगळुरूला किंवा गुरुग्रामला राहणाऱ्या मराठी माणसाने केवळ एवढ्या एका कारणासाठी पडद्याचा पर्याय स्वीकारला, तर मी त्याला अजिबात अडवणार नाही.

निवड करताना एक काळजी मात्र अवश्य घ्यावी. 25 मार्च 2020 रोजी केंद्र सरकारने दूरवैद्यकाची, म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून दुरून उपचार करण्याची, जी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली, ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. त्यांनुसार डॉक्टरने औषधचिठ्ठीवर आपला नोंदणी क्रमांक दिला पाहिजे, काही औषधे दुरून लिहून देता येत नाहीत, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेला स्वतः रुग्णाला सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची मुभा नाही. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असल्याने तो या चौकटीत येतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची) नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र अगदी निरनिराळे शिक्षण घेतलेली माणसे लावतात. प्रत्यक्ष ठिकाणी गेल्यावर भिंतीवरची प्रमाणपत्रे दिसतात, आधीचे रुग्ण भेटतात, कोणी पाठवले ते ठाऊक असते. पडद्यावर हसऱ्या छायाचित्राखाली दोन ओळी असतात, तेव्हा तिथे शिक्षण आणि नोंदणी यांविषयी स्पष्ट विचारावे आणि विचारताना संकोच बाळगू नये.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला, ती सांगतो. चौथ्या महिन्यात एकदा मी वडिलांच्या रुग्णालयातल्या शेवटच्या आठवड्याविषयी बोलत होतो. बोलता बोलता थांबलो. काहीतरी वर येत होते आणि ते अजून शब्दांत आले नव्हते. तेवढ्यात पलीकडून प्रश्न आला, ‘हॅलो, माझा आवाज येतोय ना?’ मी म्हणालो, ‘हो, येतोय.’ तेवढे बोललो आणि जे वर येत होते ते परत खाली गेले. त्या दिवशी ते पुन्हा आले नाही.

यात त्यांची चूक नव्हती, हे मी मनापासून म्हणतो. व्हिडिओ कॉलवर गप्प बसलेला माणूस आणि तुटलेले इंटरनेट दोन्ही सारखेच दिसतात. चेहरा स्थिर असतो, आवाज नसतो, मग समोरच्याने विचारायचे नाही तर काय करायचे? त्यात या कॉलची रचनाच अशी असते की आसपासचा गोंगाट गाळण्याच्या नादात ती दीर्घ श्वास, हुंदका, घशात अडकलेला आवाज अशा बारीक गोष्टीही बऱ्याचदा गाळून टाकते. कॅमेरा पडद्याच्या वर असतो, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहावे तर आपली नजर त्याला खाली झुकलेली दिसते. समोर बसलेल्या माणसाला आपल्या गप्प बसण्याचा अर्थ ज्या खुणांवरून लागतो, त्यांतल्या बऱ्याचशा खुणा तारेवरून पलीकडे पोहोचतच नाहीत.

मी हे त्यांच्याजवळ बोललो, आणि पुढच्या भेटींत त्या खरोखर थांबू लागल्या. पण तोपर्यंत सवय मलाच लागली होती. मी गप्प बसलो की तार तुटल्यासारखे वाटेल, या काळजीने मी काहीबाही बोलत राहू लागलो. ऑफिसचे सांगायचो, आईच्या गुडघ्याचे सांगायचो, झोपेच्या तासांचा हिशोब द्यायचो. पन्नास मिनिटे भरून जायची आणि लॅपटॉप मिटल्यावर लक्षात यायचे की, ज्यासाठी बसलो होतो त्याला आपण हातही लावलेला नाही.

नळ स्टॉपच्या मॅडमकडे तिसऱ्या भेटीत मी तसाच थांबलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण पंख्याची घरघर ऐकू येत होती आणि खाली कर्वे रस्त्यावर एका बसने दोनदा हॉर्न वाजवला, हे मला स्पष्ट आठवते. मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी पाण्याचा पेला माझ्या बाजूला थोडा सरकवला आणि हात पुन्हा मांडीवर ठेवले. मग मी म्हणालो, ‘शेवटच्या रात्री मी घरी झोपायला गेलो होतो.’ साडेचार महिन्यांत हे वाक्य मी कोणाजवळही बोललो नव्हतो. त्या भेटीनंतर माझी झोप लगेच परत आली असे नाही, पण ती का गेली होती ते त्या दिवशी कळले.

हा माझ्या स्वभावाचाही भाग असू शकेल. ज्याचे मन बोलूनच मोकळे होते, ज्याला आठवड्याचा आराखडा, विचारांची वही, ठरलेला अभ्यास असे बांधीव काम हवे आहे, त्याला पडदा कदाचित पुरेसा पडेल. तशी माणसे माझ्या ओळखीत आहेत आणि ती समाधानी आहेत.

जाण्यायेण्याचा वेळ मी पूर्वी तोट्यात धरत होतो, त्याविषयीचे माझे मत बदलले आहे. रामवाडीला मेट्रोत बसले की मध्ये कुठेही न बदलता थेट नळ स्टॉपला उतरता येते. भेटीनंतर परतीच्या प्रवासात मी खिडकीजवळ उभा राहतो, गाडी मुळा-मुठेवरून जाते, आणि घरी पोहोचेपर्यंत चेहरा माणसांत वावरण्याजोगा होतो. घरून बोलायचो तेव्हा कॉल संपला की दाराबाहेर आई ताट वाढून थांबलेली असायची, आणि बंद दारामागे मी किती हळू बोललो होतो हे तिला आणि मला दोघांनाही माहीत असायचे. दोन खोल्यांच्या घरात जिच्या समोर रडायचे नसते, तिच्याच भिंतीपलीकडे बसून रडावे लागते. ज्यांचे घर मोठे आहे किंवा जे एकटे राहतात, त्यांना ही अडचण येणार नाही.

प्रत्यक्ष भेटीलाही उणिवा आहेत. बाहेरच्या बाकावर ओळखीचे माणूस भेटण्याची धास्ती पुण्यात खरी आहे. मला माझ्याच ऑफिसमधले एक गृहस्थ भेटले होते आणि आम्ही दोघांनीही मान हलवून नजर मोबाइलकडे वळवली होती. शिवाय पावसात शहर तुंबले की भेट हुकते.

औषधोपचाराच्या फेरतपासणीबाबत मात्र माझे पारडे दुसऱ्या बाजूला झुकते. माझी मावशी बार्शीला असते आणि अनेक वर्षे लिथियम हे मनःस्थितीचे तीव्र चढउतार आवरणारे औषध घेते. पूर्वी प्रत्येक खेपेला मावसभाऊ रजा काढून तिला एसटीने पुण्याला आणत असे. लिथियमची रक्तातली पातळी आणि त्याबरोबर थायरॉइड, मूत्रपिंड यांच्या तपासण्या ठरावीक काळाने कराव्या लागतात; त्या आता बार्शीतच होतात, अहवाल फोनवर जातो आणि डॉक्टर व्हिडिओवर तिला हात पुढे धरायला सांगून थरथर आहे का ते पाहतात. वर्षातून दोनदा तिला प्रत्यक्ष आणायचे, असा त्यांचा आग्रह आहे आणि तो मला योग्य वाटतो. मधल्या भेटींसाठी पडद्यापेक्षा चांगली सोय तिला मिळाली नसती.

रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला असेल, तर या दोन्हींची तुलना करत बसू नये. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या विनामूल्य क्रमांकावर चोवीस तास बोलता येते, आणि ते मराठीतही बोलतात.

ज्यांना अंतरामुळे किंवा आजारपणामुळे पडद्याशिवाय पर्यायच नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो; मला ती उशिरा सुचली. पहिल्याच भेटीत समुपदेशकाशी एक खूण ठरवून घ्यावी. माझा एक मित्र जर्मनीतून पुण्यातल्या समुपदेशकाशी बोलतो. त्याने छातीवर हात ठेवला की त्याचा अर्थ ‘मी इथेच आहे, थांबा’ असा दोघांत ठरलेला आहे, आणि तो हात खाली येईपर्यंत पलीकडून आवाज येतोय का असे कोणी विचारत नाही.