डाळ मिलचे चार डेटाबेस आणि एक रिपोर्ट : पोस्टग्रेस-मेटाबेसचा अनुभव

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये मी हिशेब आणि संगणक दोन्ही सांभाळते. चार ठिकाणी विखुरलेला डेटा एकत्र आणून रिपोर्ट काढायची व्यवस्था आम्ही गेल्या तुरीच्या हंगामाआधी बसवली. तूर आणि हरभरा, दोन्ही हंगाम आता तिच्यावर पार पडलेत, म्हणून सविस्तर लिहिते. व्यवस्था चांगली आहे आणि आम्ही ती सोडणार नाही. पण त्याचं कारण रंगीत डॅशबोर्ड हे नाही. आमच्या मिलला सगळ्यात जास्त कामाला आली ती न जुळलेल्या नोंदींची यादी.

आमच्याकडे हिशेब टॅलीत. वजनकाट्याच्या केबिनमध्ये जुनं सॉफ्टवेअर, त्याचा डेटा ॲक्सेसच्या एमडीबी फाइलमध्ये. गोदाम आणि उत्पादनाचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर. डाळीच्या ऑर्डरी घेणारं ॲप मायएसक्यूएलवर, धुळ्याच्या डेपोतली मंडळीही तेच वापरतात. शेठजींनी विचारलं, "परवाच्या चोपड्याच्या गाडीला उतारा किती पडला?" (उतारा म्हणजे तुरीतून किती टक्के डाळ निघाली) की उत्तर चारही ठिकाणी थोडं थोडं पडलेलं असायचं. महिनाअखेरीला सगळं एक्सेलमध्ये उतरवून व्हीलुकअप लावायचे. आकडा हातात येईपर्यंत त्या तुरीची डाळ होऊन विकलीही गेलेली असायची.

आता एका जुन्या डेस्कटॉपवर, १६ जीबी रॅम आणि एसएसडी टाकून, उबंटू चालतं. त्यावर पोस्टग्रेसक्यूएल (डेटाबेस, पुढे नुसतं पोस्टग्रेस) आणि मेटाबेस (डेटाबेसमधून रिपोर्ट आणि आलेख काढणारं साधन). पोस्टग्रेस मुक्तस्रोत आहे, मेटाबेसचीही मुक्तस्रोत आवृत्ती मिळते, त्यामुळे परवान्याचा खर्च शून्य. मेटाबेसमध्ये दोन वेगवेगळ्या डेटाबेसमधली टेबलं एकाच प्रश्नात जोडता येत नाहीत. डेटाबेस नुसते मेटाबेसला लावून दिले तर प्रत्येकाचा वेगळा रिपोर्ट मिळतो, सगळ्यांचा एक नाही. म्हणून मध्ये पोस्टग्रेस. त्यात फॉरेन डेटा रॅपर नावाची सोय २०११ च्या ९.१ आवृत्तीपासून आहे. तिच्यामुळे दुसऱ्या डेटाबेसमधलं टेबल आपल्याच डेटाबेसमध्ये असल्यासारखं दिसतं. मायएसक्यूएलसाठी मायएसक्यूएल_एफडीडब्ल्यू आणि एसक्यूएल सर्व्हरसाठी टीडीएस_एफडीडब्ल्यू वापरते. यातलं दुसरं फक्त वाचतं, लिहीत नाही, आणि मला तेच हवं होतं. पहिल्यालाही मी मायएसक्यूएलचा फक्त वाचायची परवानगी असलेला युजर दिलाय. ॲक्सेसच्या फाइलची रात्री कॉपी घेऊन एमडीबीटूल्सने (एमडीबी फाइल वाचणारी साधनं) सीएसव्ही, म्हणजे साधी मजकूर फाइल, काढते. टॅलीचं डे बुक एक्सएमएलमध्ये बाहेर काढून वाचते.

दिवसा थेट त्या डेटाबेसवर जाऊन जोडण्या करू नका, हे आवर्जून सांगते. दोन वेगळ्या सर्व्हरवरची टेबलं जोडायची म्हटली की पोस्टग्रेसला दोन्हीकडच्या ओळी नेटवर्कवरून ओढून स्वतःकडे आणाव्या लागतात. रिपोर्ट रेंगाळतो आणि तिकडे बिलं बनवणाऱ्याचा पडदा अडकतो. रात्री एकदा सगळं स्थानिक टेबलांत उतरवून घ्यायचं आणि त्यावर मटेरियलाइज्ड व्ह्यू, म्हणजे क्वेरीचा निकाल साठवून ठेवणारी तयार टेबलं, बांधायचे. हे व्ह्यू ताजे करताना 'कन्करंटली' वापरलं तर त्या वेळी रिपोर्ट बघणारा अडत नाही. त्यासाठी व्ह्यूवर युनिक इंडेक्स (प्रत्येक ओळ वेगळी ओळखू येईल अशी सूची) मात्र लागतो.

एवढं सगळं बसवायला फार वेळ गेला नाही. वेळ खाल्ला तो जोडायचं कशावरून या प्रश्नानं.

काट्याच्या चिठ्ठीचा नंबर सोयीचा वाटतो, कारण खरेदीच्या बिलावर तो लिहिलेला असतो. पण दर १ एप्रिलला तो पुन्हा एकपासून सुरू होतो. गेल्या वर्षीची ४१२ नंबरची चिठ्ठी या वर्षीच्या ४१२ शी बिनबोभाट जुळते आणि कुठेही एरर येत नाही. आर्थिक वर्ष आणि नंबर मिळूनच किल्ली, म्हणजे नोंद नेमकी ओळखायची खूण, बनवावी लागते. तारखेवरून जोडायचं तर भरलेली गाडी रात्री काट्यावर येते, रिकामी वजनाला सकाळी लागते आणि आडत्याचं बिल त्यानंतर टॅलीत चढतं. एका मालाच्या तीन तारखा. त्यात एमडीबीटूल्स तारीख महिना-दिवस या क्रमाने काढतं आणि पोस्टग्रेसही मूळ सेटिंगमध्ये तसंच वाचतं, पण आमच्या बाकीच्या फाइली दिवस-महिना लिहितात. ३ एप्रिलचं ४ मार्च झालं की माल थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतो. एमडीबीटूल्समधल्या एमडीबी-एक्स्पोर्ट या आज्ञेला तारखेचा साचा सांगता येतो, तो पहिल्याच दिवशी सांगून टाका.

मालाच्या नावाची वेगळीच गोष्ट. एचएसएन कोडवर (जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराला असलेला कोड) सगळं जुळेल असं बरेच जण सुचवतात. पण ०७१३ या शीर्षकात कडधान्यं सालीसकट, साल काढलेली, भरडलेली अशी सगळी एकत्र येतात. अख्खी तूर आणि तूरडाळ दोन्ही ०७१३६० मध्येच. डाळ मिलचा धंदाच एकाचं दुसरं करायचा, त्यामुळे हा कोड इथे उपयोगाचा नाही. स्वतःचा मालकोड लागतो. काटा किलोत बोलतो, टॅली क्विंटलमध्ये आणि गोदाम कट्ट्यांत. पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंत ५ टक्के जीएसटी लागला, तेव्हापासून आमचा कट्टा ३० किलोचा. त्याआधीच्या नोंदींतला कट्टा वेगळ्या वजनाचा. म्हणून कट्ट्याचं वजन तारखेसकट वेगळ्या टेबलात ठेवलंय.

माणसांची आणि गावांची नावं सगळ्यात जास्त दमवतात. व्यापाऱ्याला जीएसटीआयएन असतो, १५ अक्षरांचा, ती किल्ली पक्की. थेट माल घालणाऱ्या शेतकऱ्याला तो नसतो. गावांचं म्हणाल तर खुर्द-बुद्रुकची जोडगावं आपल्याकडे पावलोपावली. काट्यावर नुसतं 'वाघोदे' लिहितात, टॅलीत 'वाघोदा बु.' असतं. काही गावांना पुढे 'प्र.' लावून परगण्याचं अक्षर येतं, ते एका ठिकाणी लिहितात आणि तीन ठिकाणी गाळतात. काट्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमधली मराठी नावं तर युनिकोडमध्येच नाहीत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अक्षरं आणि चिन्हांचा नुसता कचरा दिसतो. ती एकदा रूपांतरित करून घेतली, मग पोस्टग्रेसच्या पीजी_ट्रायग्रामने मिळतीजुळती नावं शोधली. हे एक्स्टेन्शन नावाचे तीन-तीन अक्षरी तुकडे पाडून साम्य मोजतं. उमेदवार शोधायला छान आहे, पण निर्णय त्याच्यावर सोडू नका. दोन सख्खे भाऊ, एकच गाव, वडिलांचं नाव एकच, साम्य भरपूर आणि खाती मात्र दोन.

तो निर्णय आमच्याकडे दिवाणजी काका करतात. संशयित जोड्यांची यादी छापून मी त्यांच्यापुढे ठेवते. ते चष्मा कपाळावर चढवून एकेका ओळीवर बोट ठेवत जातात : "हाऊ तोच शे, दुसरा कोनी नही." पुढच्या ओळीवर थांबतात. "नही ताई, हाऊ त्याना चुलतभाऊ. त्यानी गाडी येगळी येस." मी शेजारी खूण करते आणि ती खूण ओळख-तक्त्यात (कुठलं नाव नेमकं कोणाचं, हे सांगणारं टेबल) जाते, कोणी आणि कधी ठरवलं त्यासह. चाळीसगावपासून रावेरपर्यंत कोण कुणाचा कोण, हे ज्ञान एकाही डेटाबेसमध्ये नव्हतं. आता ते एका टेबलात उतरतंय, आणि या सगळ्या उद्योगातली माझ्या लेखी ही सगळ्यात मोलाची वस्तू आहे. गावांसाठी केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतले कोड वापरले. प्रत्येक गावाला स्वतंत्र कोड असल्यामुळे खुर्द-बुद्रुकचा घोळ कायमचा मिटला.

जोडणीत आणखी एक जागा जपण्यासारखी. चोपड्याहून एक गाडी येते, तीत तीन आडत्यांचा माल असतो. काट्यावर एक ओळ, टॅलीत तीन बिलं. दोन्ही टेबलं सरळ जोडली की काट्याची ओळ तीनदा येते, आणि ९० क्विंटलची गाडी बेरजेत २७० क्विंटल दिसते. बिलांची बेरीज आधी गाडीनिहाय करायची, एका गाडीची एकच ओळ उरवायची आणि मग जोडायचं. बेरीज संशयास्पद मोठी दिसली की पहिल्यांदा इथेच बघा.

आता सुरुवातीला सांगितलेल्या न जुळलेल्या नोंदींच्या यादीबद्दल. बहुतेक जण जोडताना दोन्हीकडे सापडलेल्या नोंदीच घेतात, बाकीच्या आपोआप गळतात. रिपोर्ट स्वच्छ दिसतो आणि गळलेलं कोणाला कळत नाही. आम्ही फुल आउटर जोडणी (जुळो न जुळो, दोन्हीकडच्या सगळ्या ओळी ठेवणारी) करतो आणि एका बाजूला रिकाम्या राहिलेल्या ओळी वेगळ्या रिपोर्टमध्ये काढतो. काट्यावर वजन आहे पण टॅलीत बिल नाही. बिल आहे पण काट्याची चिठ्ठी नाही. गोदामातून कट्टे गेले पण ऑर्डर नाही. ही यादी मेटाबेस रोज सकाळी ईमेलने पाठवतो. सुरुवातीला पानंच्या पानं यायची, त्यातलं बरंचसं नुसत्या नावांच्या फरकामुळे. तक्ता भरत गेला तशी यादी आटली, आणि उरल्या त्या खऱ्या अडचणी : चढवायचं राहिलेलं बिल, हमाली-तोलाई दोनदा लागलेली गाडी, परत आलेला पण गोदामात जमा न दाखवलेला माल. या गोष्टी पूर्वी ऑडिटच्या वेळी निघायच्या, आता दुसऱ्या दिवशी निघतात. केबिनमधला मुलगाही चिठ्ठी नंबर नीट लिहायला लागलाय, कारण सकाळी कोणीतरी विचारणार हे त्याला माहीत आहे.

उताऱ्याचा रिपोर्ट शेठजींच्या आवडीचा. उदाहरणादाखल आकडे घ्या. एक तूर ७,००० रुपये क्विंटल, उतारा ७० टक्के. दुसरी ७,१५० रुपये, उतारा ७३ टक्के. चुनी-भुशाचं उत्पन्न बाजूला ठेवलं तर पहिलीची डाळ कच्च्या मालापुरती १०,००० रुपये क्विंटलला पडते आणि दुसरीची साधारण ९,७९५ ला. महाग घेतलेल्या तुरीची डाळ क्विंटलमागे दोनशे रुपयांनी स्वस्त पडली. खरेदीला बसणाऱ्याला हे अंदाजाने कळतंच, पण कोणत्या बाजारचा माल असा निघतो हे आता पडद्यावर दिसतं. अट एकच, गिरणीत लॉट वेगळे चालले पाहिजेत. दोन गाड्या एकाच हौदात ओतल्या तर कुठलंही सॉफ्टवेअर त्यांचा उतारा वेगळा करून देऊ शकत नाही. आमच्याकडे गर्दीच्या दिवसांत असं होतं, त्या लॉटवर मी 'मिश्र' असं लिहून ते सरासरीतून वगळते.

मेटाबेस हाताळायला सोपा आहे. शेठजींचा मुलगा क्लिक करत स्वतःचे प्रश्न विचारतो, मला हाक मारत नाही. कमी वाटलेल्या गोष्टीही आहेत. मी वापरते त्या आवृत्तीत लाख-कोटींचे स्वल्पविराम नाहीत, म्हणून व्ह्यूमध्येच लाखाने भागून 'लाख रु.' असा कॉलम दिलाय. वर्षाची गटवारी जानेवारी ते डिसेंबर होते, एप्रिल-मार्चचा कॉलम आपणच बनवायचा. धुळ्याच्या डेपोला फक्त धुळ्याच्या ओळी दाखवायची सोय पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत आहे. मी त्यांच्यासाठी पोस्टग्रेसमध्ये वेगळे व्ह्यू केले आणि तेवढेच दिसतील असा वेगळा युजर लावला. मेटाबेस स्वतःची माहिती सुरुवातीला एच२ नावाच्या फाइल-डेटाबेसमध्ये ठेवतो. ती पोस्टग्रेसमध्ये हलवा. मेटाबेसचे कर्तेही रोजच्या वापरासाठी हेच सांगतात.

विजेचं आपल्याकडे काय असतं ते लिहायला नको. रात्रीचं काम क्रॉनऐवजी सिस्टमडीच्या टायमरवर (दोन्ही उबंटूत ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयी) ठेवलंय, त्यात 'पर्सिस्टंट' चालू केलं की वीज गेल्यामुळे चुकलेलं काम यंत्र सुरू झाल्यावर होतं. यूपीएस हवाच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा यंत्र पत्र्याच्या केबिनमध्ये ठेवू नका.

सगळा डेटा टॅलीतच असेल तर एवढा खटाटोप कशाला, टॅलीचेच रिपोर्ट पुरतात. दोन-तीन एक्सेल फाइली आणि एकच बघणारा असेल तर पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट मिळतं आणि त्याच्या पॉवर क्वेरीत वेगवेगळ्या ठिकाणची टेबलं थेट जोडता येतात. तीन-चार डेटाबेस, बघणारे बरेच आणि एसक्यूएल लिहिणारं एक माणूस घरचं असेल, तर आमची पद्धत जरूर घ्या.

सुरुवात मात्र ओळख-तक्त्यापासून करा, सॉफ्टवेअर नंतर. आमच्या तक्त्यात हे कॉलम आहेत : आपला पक्का कोड, कोणत्या डेटाबेसमधलं नाव, तिथे जसं लिहिलंय तसंच मूळ नाव, तिथला कोड, गावाचा सरकारी कोड, जीएसटीआयएन असल्यास तो, जोडी कोणी ठरवली, कोणत्या तारखेला, आणि शेरा. शेऱ्याचा कॉलम रुंद ठेवा, दिवाणजी काकांचं 'चुलतभाऊ, गाडी वेगळी' त्यातच जातं.